परिच्छेद वगळण्यात यावा

‘एजीचं ऑडिट लागलंय’ ही बातमी सरकारी कचेरीत पसरली की सर्वांत आधी रजेचे अर्ज येतात. मग कपाटाच्या किल्ल्या हरवतात. मग खिडकीजवळचं, पंख्याखालचं, त्यातल्या त्यात कमी डुगडुगणारं टेबल रिकामं होतं, त्यावर नवं कापड पडतं आणि ज्या कचेरीत नागरिकाला पाणी विचारायची पद्धत नाही, तिथे दर तासाला चहा यायला लागतो. दुपारच्या जेवणाची जबाबदारी एका कनिष्ठ लिपिकावर तोंडी सोपवली जाते. तोंडी अशासाठी की लेखी दिली तर तिचंही प्रमाणक (म्हणजे व्हाउचर) दाखवावं लागेल.

ऑडिट पार्टी फाईल मागते. फाईल साहेबांच्या टेबलावर असते आणि साहेब दौऱ्यावर असतात. कॅशबुक मिळतं, पण प्रमाणकांचा गठ्ठा रेकॉर्ड रूममध्ये असतो, आणि रेकॉर्ड रूममध्ये मागच्या पावसाळ्यात पाणी शिरलेलं असतं. (सरकारी इमारतीत शिरलेलं पाणी नेमकं प्रमाणकांपर्यंतच कसं पोहोचतं आणि शेजारच्या सेवापुस्तकांना कसं शिवत नाही, यावर हवामान खात्याने एकदा अभ्यास करावा.)

मग निघतो अर्धसमास. ज्यांनी हा कागद पाहिला नसेल त्यांच्यासाठी सांगतो. कागद उभा दुमडायचा. डाव्या अर्ध्या भागात ऑडिटरने आक्षेप लिहायचा, उजवा अर्धा भाग कचेरीच्या उत्तरासाठी कोरा ठेवायचा. समजा, डावीकडे लिहिलंय : ‘लॉगबुकनुसार सदर वाहनाने या तारखेला तालुकाभर दौरा केला. त्याच तारखेस सदर वाहन गॅरेजमध्ये असल्याचे देयक जोडलेले आहे. खुलासा करावा.’ उजवीकडे उत्तर येतं : ‘नोंद घेतली.’

उत्तरांचा हा साठा पिढ्यान्‌पिढ्या चालत आलेला आहे आणि त्याला तोड नाही. ‘यापुढे दक्षता घेण्यात येईल’ हे सगळ्यांत लाडकं, कारण ते कशालाही चालतं. ‘माहिती संकलित करण्याचे काम सुरू आहे’ हे लांबणीवर टाकायला. ‘तत्कालीन अधिकारी बदलून गेले आहेत’ हे हुकमी. तत्कालीन अधिकारी नावाचा हा इसम महाराष्ट्रातल्या प्रत्येक कचेरीत काम करून गेलेला आहे, प्रत्येक घोळ त्यानेच घातलेला आहे आणि आजवर तो कोणालाही भेटलेला नाही. अगदीच अंगाशी आलं तर ‘कार्योत्तर मंजुरी घेण्यात येत आहे’. म्हणजे आधी करायचं, मग परवानगी मागायची. शेवटची ओळ मात्र ठरलेली : ‘वरील वस्तुस्थिती पाहता सदर परिच्छेद वगळण्यात यावा, ही विनंती.’

कचेरीच्या बोलीत याला ‘पॅरा ड्रॉप करून घेणं’ म्हणतात. किती पॅरे ड्रॉप करून आणले यावर अधिकाऱ्याची हुशारी मोजतात. पॅरा ज्या भोकामुळे निघाला ते भोक बुजलं का, हे विचारायला कागदावर जागाच नाही. डावा अर्धा भाग भरला, उजवा अर्धा भाग भरला, कागद संपला.

एजी म्हणजे महालेखापाल, आणि त्यांच्या वर दिल्लीत कॅग, म्हणजे देशाचे नियंत्रक व महालेखापरीक्षक. कॅगचं ऑडिट तीन तऱ्हेचं असतं. वित्तीय ऑडिटात हिशेबाची बेरीज बरोबर आहे का ते बघतात, कामगिरीच्या ऑडिटात पैशाचं चीज झालं का ते बघतात. तिसरं अनुपालन ऑडिट. नियम पाळले का, निविदा काढली का, करारावर सही आहे का, पावती जोडली का, असली चिल्लर विचारणा त्यात असते. पेपरवाल्यांना ते आवडत नाही, कारण त्यात खलनायक नसतो, नुसता राहून गेलेला रकाना असतो. माझं म्हणणं असं की सरकार कुठे सडतंय हे सर्वांत आधी कळतं ते या चिल्लर विचारणेतच, आणि नेमकी तीच आपण खात्याखात्यांत कापून, सुटी सुटी करून, ड्रॉप करून टाकतो.

बिहारचा चारा आठवा. १९८५ मध्ये तेव्हाचे कॅग टी. एन. चतुर्वेदी यांच्या लक्षात आलं की बिहारच्या कोषागारांतून महिन्याचे हिशेब वेळेवर येत नाहीत. एवढंच. ना म्हैस, ना चारा, ना लालू. हिशेब उशिरा येतात, हा इतका कंटाळवाणा आक्षेप होता की त्यावर ‘दक्षता घेण्यात येईल’ यापलीकडे कोण काय लिहिणार? बिहार सरकारला सावध केलं गेलं, आणि सावध केल्यावर सरकार जे करतं तेच झालं. १९९६ च्या जानेवारीत चाईबासात उपायुक्त अमित खरे यांनी पशुसंवर्धन खात्याच्या कचेऱ्यांवर छापे घातले आणि सुमारे साडेनऊशे कोटींचं प्रकरण उघड्यावर आलं. स्कूटरच्या नंबरावर जनावरं वाहून नेल्याची बिलं निघाली. डबलसीट म्हैस! लालूप्रसादांना या प्रकरणात पहिली शिक्षा झाली २०१३ मध्ये. कंटाळवाणा आक्षेप आणि शिक्षा यांच्यात अठ्ठावीस वर्षं गेली. एवढ्यात म्हशींच्याही कित्येक पिढ्या होतात.

त्याच बिहारबद्दल २०२५ च्या जुलैत कॅगचा अहवाल विधिमंडळापुढे आला. ७०,८७७ कोटी रुपयांची उपयोगिता प्रमाणपत्रं आलेली नाहीत. पैसे दिले, कशावर खर्च झाले त्याचा कागद नाही. याचा अर्थ पैसे खाल्ले असा होत नाही, हे खरं. तसा अर्थ होत नाही असाही कागद नाही, एवढंच. चाळीस वर्षांनी आक्षेप तोच आहे, हिशेब वेळेवर येत नाहीत.

बिहारला हसून झालं असेल तर घरी येऊ, वाटेत दिल्लीत थांबून. २०२३ च्या ऑगस्टमध्ये आयुष्मान भारत योजनेवरचा कॅगचा अहवाल संसदेत आला. त्यात साडेसात लाखांच्या आसपास लाभार्थ्यांचा, नेमके सांगायचे तर ७ लाख ४९ हजार ८२० जणांचा, मोबाइल नंबर एकच निघाला : ९९९९९९९९९९. देशात दहा नवांचा असा एक भाग्यवान फोन आहे ज्यावर अख्ख्या जिल्ह्याएवढी माणसं आजारी पडतात. अहवालात आणखी असं होतं की संगणकात मृत म्हणून नोंद झालेल्या ३,४४६ रुग्णांच्या उपचारांपोटी ६ कोटी ९७ लाख रुपये अदा झाले. सरकारचं उत्तर तयार होतं : लाभार्थ्याची ओळख मोबाइल नंबरावरून पटवत नाहीत, नंबर फक्त संपर्कासाठी असतो. बरोबर. म्हणजे संपर्कासाठी नंबर घेतला आणि संपर्क होणार नाही असा घेतला.

हसण्यासारखं ते तेवढंच. महत्त्वाचं पुढे आहे. हा आक्षेप आरोग्य खात्याचा नव्हताच. तो होता ‘पैसे आधी, पडताळणी नंतर’ या पद्धतीचा. रकाना सक्तीचा ठेवायचा, पण त्यात काय भरलंय ते बघायचं नाही. एका खात्याची यादी दुसऱ्या खात्याच्या यादीशी ताडायची नाही. मृत्यूच्या नोंदी एका संगणकात आणि देणी दुसऱ्या संगणकात. ज्या ज्या खात्यात थेट खात्यावर पैसे जातात त्या प्रत्येकाने तो अहवाल आपल्यासाठीच लिहिलाय असं समजून वाचायला हवा होता.

वाचला का? २८ जून २०२४ ला महाराष्ट्र सरकारने ‘लाडकी बहीण’ योजनेचा जीआर काढला. महिना दीड हजार. निवडणूक तोंडावर होती, आणि तेव्हा बहिणी मोजायच्या नसतात. अर्ज घेतले, पैसे पडले, सरकार आलं. वर्षभराने, २०२५ च्या जुलैत, खात्याच्या मंत्रिमहोदयांनीच सांगितलं की २६ लाख ३४ हजार लाभार्थी अपात्र वाटतात, त्यांचा हप्ता जूनपासून थांबवलाय. कोणी दोन-दोन योजना घेतलेल्या, कुठे एका घरात ठरल्यापेक्षा जास्त बहिणी, आणि चौदा हजारांवर पुरुष! भाऊबीजेला ओवाळणी भाऊ घालतो हे ठाऊक होतं, बहिणीच्या रांगेत उभा राहून तीच ओवाळणी परत घेतो हे नवीन. नेहमीप्रमाणे छाननी, चौकशी, वसुलीच्या घोषणा झाल्या. पण पडताळणी कशावरून केली ते बघा. इतर खात्यांच्या याद्या मागवून ताडून पाहिल्या. त्या याद्या २०२४ च्या जूनमध्येही त्याच खात्यांच्या त्याच संगणकांत होत्या.

यात बायकांची काही चूक नाही, हे स्पष्ट लिहितो. नाहीतर पुढच्या आठवड्यात टपाल वाढायचं. ज्या बाईला दीड हजाराने फरक पडतो तिने अर्ज भरावाच. आणि अपात्र यादीत एखादी खरोखरची गरजू सापडली, तर तिला आता तहसील कचेरीच्या पायऱ्या झिजवाव्या लागणार. आधी न बघता द्यायचं आणि नंतर न बघता काढायचं, या दोन्हींचा त्रास शेवटी तिलाच.

आता वळू विधिमंडळाकडे. तिथे तर ऑडिटचा वेगळाच उपयोग शोधून काढलेला आहे.

राज्यघटनेचं कलम १५१ सांगतं की कॅगचे राज्याविषयीचे अहवाल राज्यपालांकडे जातील आणि राज्यपाल ते विधिमंडळापुढे ठेववतील. किती दिवसांत ते कलम सांगत नाही. घटनाकारांना वाटलं असेल, हिशेबाची वही घरात आली की शहाणा माणूस त्याच संध्याकाळी उघडतो. इतक्या भल्या माणसांनी घटना लिहिली, आणि पुढे ती वापरायला आपण आलो. दिल्लीत आम आदमी पार्टीच्या सरकारने एक-दोन नव्हे, १४ अहवाल अडवून ठेवले. उच्च न्यायालयाने कान उपटले, निवडणूक झाली, सरकार बदललं, मग २०२५ च्या फेब्रुवारीत नव्या सरकारने ते मोठ्या उत्साहाने सभागृहात आणायला सुरुवात केली. दुसऱ्याचे अहवाल मांडण्यात जो उत्साह असतो तो स्वतःच्या वेळी टिकतो का, ते बघायला आपण आहोतच.

महाराष्ट्रात अडवून ठेवायची गरज पडत नाही. आपल्याकडे शेवटचा दिवस असतो. जलयुक्त शिवारावरचा अहवाल आला ८ सप्टेंबर २०२० ला. कोरोनामुळे अधिवेशन दोनच दिवसांचं होतं आणि हा दुसरा. साडेनऊ हजार कोटींहून अधिक खर्चून भूजल वाढवण्यात फारसं यश आलं नाही, असं त्यात म्हटलं होतं. योजना आधीच्या सरकारची, मांडणारं सरकार त्यांच्या विरोधकांचं. चौकशी लागली. सरकार बदललं, योजना ‘२.०’ होऊन परत आली. ‘१.०’ मधल्या आक्षेपांचं काय केलं, कुठल्या गावात कामाची रचना बदलली, देखभालीचे पैसे कुठून येणार, हे कोणी छातीठोकपणे विचारल्याचं मला तरी आठवत नाही. सगळी चर्चा एकाच गोष्टीची झाली : क्लीन चिट की भ्रष्टाचार? पाणी मुरलं का, हा प्रश्नच मुरला.

मग पारडं फिरलं. मुंबई महापालिकेचं खास ऑडिट करा, अशी विनंती नव्या सरकारने २०२२ मध्ये कॅगला केली. तो अहवाल आला २५ मार्च २०२३ ला. अर्थातच अर्थसंकल्पी अधिवेशनाच्या शेवटच्या दिवशी. तो अहवाल म्हणजे अनुपालनाचं पाठ्यपुस्तक आहे. २० कामं, २१४ कोटी, निविदाच नाही. ६४ कामं, ४,७५५ कोटी, आणि ठेकेदाराबरोबर करारनामाच झालेला नाही! आपण पागडीची खोली घेतानाही स्टॅम्प पेपर आणतो, दोन साक्षीदार उभे करतो. इथे पावणेपाच हजार कोटींची कामं विश्वासावर. कोविड काळातल्या साडेतीन हजार कोटींहून अधिक खर्चाची कागदपत्रं पालिकेने दाखवलीच नाहीत. कारण काय, तर १८९७ चा साथरोग कायदा. हा तोच, पुण्यात रँडसाहेबाने ज्या साली प्लेगची घरझडती घेतली त्या सालचा. गोऱ्या साहेबाने लोकांच्या घरात शिरायला केलेला कायदा आपल्या साहेबांनी ऑडिटरला दाराबाहेर ठेवायला वापरला. इतिहासाचा एवढा मार्मिक उपयोग शालेय पुस्तकांतही झाला नसेल.

अहवाल सभागृहात वाचला गेला, बाकं वाजली, विशेष तपास पथक नेमलं. राजकारण म्हणून झकास. पण करारनाम्याशिवाय कामं ही काय एकट्या मुंबईची खासियत आहे? राज्यातल्या बाकीच्या महापालिकांत त्याच आठवड्यात कोणी परिपत्रक काढून ‘तुमच्याकडे अशी किती?’ असं विचारलं असतं, तर तो अहवाल राज्यभर कामी आला असता. तो वापरला गेला एका पक्षाला धुण्यासाठी. आणि ठाण्याच्या, पुण्याच्या, नाशिकच्या अभियंत्यांनी पेपर वाचून सुटकेचा निःश्वास टाकला असणार : चला, आपलं नाव नाही.

यात खुद्द कॅगचाही हात नाही असं नाही. २०१० च्या २जी स्पेक्ट्रम वाटपावरच्या अहवालातल्या १ लाख ७६ हजार कोटींनी देशाला मोठ्या आकड्याची चटक लावली. तो आकडा अंदाजी तोट्याचा होता. न्यायालयाने २०१२ मध्ये १२२ परवाने रद्द केले, म्हणजे पद्धत चुकली होती हे खरंच होतं. पण २०१७ मध्ये खालच्या न्यायालयात सगळे आरोपी सुटले आणि लोकांनी निष्कर्ष काढला की ऑडिटच खोटं. आकडा मोठा झाला की त्याखाली पद्धत चिरडते. आता तर शून्यं मोजता येत नाहीत असा आकडा नसेल तर बातमीदार अहवालाचं पान उलटत नाही. शिवाय अहवाल येईपर्यंत दोन-तीन वर्षं उलटलेली असतात, आपला तो तत्कालीन अधिकारी निवृत्त होऊन एखाद्या प्राधिकरणावर बसलेला असतो.

राहिल्या समित्या. कॅगचा अहवाल लोकलेखा समितीकडे जातो. संसदेत १९६७ पासून तिचं अध्यक्षपद विरोधकांकडे देण्याचा प्रघात आहे आणि तो चांगला आहे. सचिवाला समोर बसवून ‘हे असं का?’ विचारणारी दुसरी जागा आपल्या लोकशाहीत फारशी नाही. राज्यात लोकलेखा, सार्वजनिक उपक्रम, अंदाज, पंचायत राज अशा समित्या आहेत. पंचायत राज समिती येणार म्हटलं की जिल्हा परिषदेत काय धावपळ उडते ते ज्यांनी पाहिलंय त्यांना वेगळं सांगायला नको. रस्त्यांना चुना, शाळांना रंग, विश्रामगृहाला पडदे. २०२५ च्या मे महिन्यात विधिमंडळाची अंदाज समिती धुळ्यात असताना शासकीय विश्रामगृहाच्या एका खोलीत पावणेदोन कोटींहून अधिक रोकड सापडली. ती कोणाची, कशासाठी, हे ठरवणं चौकशीचं काम, आपलं नव्हे. आपण फक्त एवढं नोंदवू की सरकारचे अंदाज तपासायला आलेल्या समितीच्या दौऱ्यात इतका बिनचूक अंदाज कोणीच बांधला नसता.

डॉ. आंबेडकरांनी १९४९ च्या मे महिन्यात घटना समितीत सांगितलं होतं की या हिशेब तपासणाऱ्याचं काम न्यायव्यवस्थेपेक्षाही महत्त्वाचं आहे. त्यांच्या बाकीच्या इशाऱ्यांचं आपण जे केलं तेच याचं केलं. दर १६ नोव्हेंबरला लेखापरीक्षा दिवस साजरा करतो.

मला विचाराल (कोणी विचारत नाही, पण सदर माझं आहे), तर करण्यासारखं फार थोडं आहे आणि त्याला कायदा बदलावा लागत नाही. वित्त विभागात एक कार्यासन असं ठेवा की ज्याचं काम पॅरे ड्रॉप करणं नसेल, तर सगळ्या खात्यांचे पॅरे एकत्र ठेवून वाचणं असेल. कृषीतला आक्षेप, आदिवासी विकासातला आक्षेप आणि समाजकल्याणातला आक्षेप शेजारी शेजारी ठेवले की शेंबडं पोरही सांगेल, तिन्हीकडे मार्चअखेरीस पैसे काढून बँकेच्या खात्यात लपवून ठेवण्याचा एकच रोग आहे. तीन खात्यांनी तीन खुलासे देऊन तो बरा होत नाही. आणि दुसरं : कुठल्याही नव्या योजनेच्या जीआरला एक परिशिष्ट सक्तीचं करा. आजवरच्या तशाच तीन योजनांत ऑडिटने काय काय काढलं होतं, आणि या योजनेत ते होऊ नये म्हणून अर्जात, संगणकात, देयकात नेमकं काय बदललंय. ‘दक्षता घेण्यात येईल’ असं लिहिलं तर परिशिष्ट परत.

खर्च शून्य. फायदा हजारो कोटींचा. म्हणूनच हे होईल असं वाटत नाही. आचारसंहिता लागण्याच्या आधीच्या आठवड्यात मंत्रालयात रात्री किती वाजेपर्यंत दिवे जळतात आणि दिवसाला किती जीआर बाहेर पडतात ते आठवून बघा. त्या रात्री, त्या गर्दीत, ‘जरा थांबा साहेब, आरोग्य खात्याचा २०२३ चा परिच्छेद एकदा नजरेखालून घालतो,’ असं म्हणणारा अवर सचिव कोणाला आढळला तर जरूर कळवा. त्याची बदली कुठे झाली तेही कळवा, म्हणजे पत्र टाकता येईल.